उतरण्याचा कागद

कुगावहून कळाशीला जायचं तर उजनी धरणाच्या पाण्यावर होडीत बसायचं. करमाळा तालुका मागे राहतो, समोर इंदापूर येतं, सोलापूर जिल्हा संपून पुणे जिल्हा लागतो. पण काठावर कुणी कुणाला ओळखपत्र विचारत नाही. जेऊरच्या आमच्या घराला बोटीचा अनुभव एवढाच. म्हणून जेव्हा आतेभावाने अमेरिकेतून फोन करून सांगितलं, की तुम्ही दोघं आलात की नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून फ्लोरिडाहून बहामाच्या क्रूझवर जाऊ, तेव्हा आत्याने पत्र्याची पेटी उघडली. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, पासपोर्ट असं सगळं सतरंजीवर मांडलं आणि मला विचारलं, "यातला बोटीला कुठला लागतो रं?"

प्रश्न सरळ होता. मी मात्र त्या उत्तरात बरेच दिवस गुंतून पडलो, कारण आत्याच्या प्रश्नातला एक शब्द बदलल्याशिवाय उत्तर सापडत नव्हतं. कागद बोट मागत नाही. कागद किनारा मागतो. बोटीत चढताना जो कागद तपासतात, तो खरं म्हणजे उतरण्याचा असतो.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझचं उदाहरण घेऊ. चढायचं भारतात, उतरायचं भारतात. तिथे आधार किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. पण 19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. गोव्याचा किनारा तोच, मुंबईहून निघणारी समुद्राची वाटही तीच, आणि तरी तिथे पाय टेकणं म्हणजे दुसऱ्या राज्यसत्तेच्या दारात उभं राहणं होतं. पाणी काही बदललं नाही. किनाऱ्यावरची सत्ता बदलली, आणि तिच्यासोबत कागद बदलला.

याच मुंबईच्या धक्क्यावरून क्रूझ लक्षद्वीपलाही जाते. तोही आपलाच देश. पण तिथे मुख्य भूमीवरच्या भारतीयालाही प्रवेशाचा परवाना लागतो, कारण तिथले मूळ रहिवासी बहुतेक सगळे अनुसूचित जमातींतले आहेत आणि एवढ्याशा बेटांवर बाहेरच्यांची गर्दी लोटू नये म्हणून 1967 पासून तसे नियम आहेत. म्हणजे देश एक असला तरी किनारा आपली अट घालू शकतो. मला ही अट योग्य वाटते. ज्यांचं घर लहान, त्यांनी पाहुण्याला आधी नाव विचारावं, यात गैर काय आहे?

इथपर्यंत आत्याला पटलं. "म्हंजे जिथं जायचं तिथला कागद," ती म्हणाली. मीही काही दिवस तेवढ्यावरच थांबलो होतो. पण क्रूझचा प्रवास इथेच विमानापेक्षा वेगळा होतो. विमान आपल्याला नेऊन सोडतं. क्रूझ चारपाच ठिकाणी टेकते आणि बहुधा निघाली तिथेच परत येते. म्हणजे सुरुवातीचा किनाराच शेवटचा किनारा असतो, आणि परत येताना तोही नव्याने कागद मागतो. सिंगापूरहून पेनांग, फुकेतकडे जाणाऱ्या क्रूझवर आपल्याकडची पुष्कळ मंडळी जातात. बोट सिंगापूरच्या बाहेर पडली की त्यांनी देश सोडला. चार दिवसांनी परतणं हा दुसरा प्रवेश. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर तो विमानतळावर उतरतानाच वापरून झालेला असतो. युरोपातही तसंच. बार्सिलोना, मार्से, जिनोआ एवढंच फिरलात तर एकच शेंगेन व्हिसा चालतो. वाटेत इस्तंबूल आलं की तुम्ही बाहेर गेलात आणि परत आत यायचं आहे.

मग आतेभावाच्या घराकडे वळलो, आणि एकाच घरात कागदाचे तीन वेगवेगळे न्याय दिसले. आत्या आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या मामांचा, व्हिसा दहा वर्षांचा, कितीही वेळा प्रवेशाचा. नातू तिकडेच जन्मलेला, सहा वर्षांचा, अमेरिकेचा नागरिक. अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझवर सोळा वर्षांखालच्या नागरिक मुलाला जन्माचा दाखला पुरतो. आणि ज्याने तिकिटं काढायची, घर ज्याच्या पगारावर चालतं, तो आतेभाऊ अडलेला. त्याला नोकरीच्या एच-वन-बीची मुदतवाढ मिळालेली होती, तिथे राहणं आणि नोकरी करणं पूर्ण कायदेशीर होतं. पण पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा संपलेला होता. मुदतवाढीचा कागद राहू देतो. बाहेर गेलेल्याला आत घेतो तो व्हिसा. कॅनडा आणि मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जाऊन येणाऱ्यांना यात सवलत आहे, बहामाला गेलेल्या एच-वन-बीवाल्याला नाही. चढतानाच्या तपासणीत कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर तो बोटीवर चढला असता, बेटावर नारळपाणी प्याला असता, आणि परतीच्या धक्क्यावर बायकोमुलाकडे बघत उभा राहिला असता.

राहण्याचा हक्क आणि परतण्याचा हक्क या दोन गोष्टी आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरातल्या घरात असताना त्या एकच वाटतात. उंबरा ओलांडला की वेगळ्या होतात.

पासपोर्ट सहलीनंतर आणखी सहा महिने चालणारा असावा, असं अनेक देश आणि क्रूझ कंपन्या सांगतात, त्याचा अर्थही इथेच लागतो. वरवर तो जाच वाटतो. पण माणूस आजारी पडतो, वादळात बोट अडते, मुक्काम लांबतो. तेव्हा यजमान देशाला खात्री हवी असते, की याचा देश याला अजून आपला म्हणतो आणि परत घेईल. पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जगाला विनंती छापलेली असते, की या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि गरज पडेल ती मदत करावी. विनंती करणारा मागे उभा आहे, तोवरच त्या पुस्तिकेला किंमत. म्हणूनच नातवाला दाखला पुरत असला तरी त्याचाही पासपोर्ट सोबत ठेवा, असं मी आतेभावाला सांगितलं. बेटावर मूल तापाने फणफणलं आणि विमानाने परतायची वेळ आली, तर जन्माचा दाखला विमानाला चालत नाही.

सहल एक वर्ष पुढे गेली. आतेभाऊ भारतात येऊन मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेईल, मग जातील. दरम्यान आत्याच्या पासपोर्टची दहा वर्षं संपत आली होती. नूतनीकरणाला बसलो तेव्हा तिने दोन काळज्या बोलून दाखवल्या. जुन्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा वाया जाणार का? नाही जात, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. आणि दहावी झाली नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी जाताना तपासणी लागेल असा शेरा, येईल आणि त्याने अडवतील का? तेही नाही, पन्नाशी ओलांडलेल्यांना तो शेरा लागत नाही, आणि ती तपासणी तशीही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची असते, पर्यटकाची नव्हे. तिकिटावरचं नाव मात्र पासपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, कारण बंदरावर जाणारी प्रवाशांची यादी त्यावरूनच होते. त्या यादीला मी आता कमी लेखत नाही. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशीच्या पाण्यात होडी उलटली, सहा माणसं गेली. अशा वेळी काठावर पहिला प्रश्न एकच असतो, होडीत कोण कोण होतं?

अर्ज भरताना आत्याची जन्मतारीख आली 1 जून 1956. ती गुरुजींनी लिहिलेली. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच. मग जन्मस्थान. तिचं माहेर वांगी. उजनीचं पाणी चढलं तेव्हा ते गाव उठलं आणि वाटलं गेलं. आता तालुक्यात वांगी नंबर 1, नंबर 2, नंबर 3 अशी गावं आहेत. "कुठला नंबर लिहू?" मी विचारलं. आत्या थोडा वेळ गप्प बसली. "मी जल्मले तवा नंबर नव्हता," ती म्हणाली.

पासपोर्ट गेल्या महिन्यात स्पीड पोस्टाने जेऊरला आला. जन्मस्थानाच्या रकान्यात वांगी, महाराष्ट्र एवढंच छापलं आहे.