पाण्यावरची रेघ

पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाही, असे आपण म्हणतो. अमेरिकेतले मिशिगन आणि कॅनडातले ऑन्टारिओ यांच्यामधील सेंट क्लेअर सरोवरात मला ती टिकलेली भेटली. दिसली मात्र नाही.

जावईबापूंबरोबर होडीत गळ टाकून बसलो होतो. यंत्र बंद होते. मासा लागला तेव्हा नकाशाच्या पडद्यावर पाहिले, तो होडी वाऱ्याने सरकत पलीकडे गेलेली! कॅनडाचा कायदा 2017 पासून उदार झाला आहे: काठाला लागू नका, नांगर टाकू नका, दुसऱ्या होडीला भिडू नका, माणसे किंवा माल चढवू-उतरवू नका, मग आल्याची वर्दी द्यावी लागत नाही. गळ टाकायला मात्र ऑन्टारिओचा परवाना हवा. आमच्यापाशी मिशिगनचाच होता.

"इथं कोण पाहतंय?" मी म्हणालो. "माशाला तरी कुठं सरहद्द ठाऊक आहे?"

त्यांनी मासा सोडून दिला आणि दोरी गुंडाळली. "सोडल्यानं चूक फिटत नाही, बाबा, पण तिचा लाभ तरी नको."

रात्री माझाच युक्तिवाद मला लटका वाटू लागला. मासा सरहद्द जाणत नाही, म्हणून तर ती माणसाने जाणायची. दोन्ही काठांवर पोसलेले धन एकट्याचे नसते. या सरोवरांतील माशांसाठी दोन्ही देशांनी 1954 साली करार केला, तो उगीच नव्हे. शेजाऱ्याच्या अंगणातून जाणे निराळे आणि त्याच्या झाडाचे फळ तोडणे निराळे. एवढा विवेक कायद्याला सुचला, जावयाला सुचला. माझ्या पिकल्या केसांना सुचला नाही.