सैन्याचे कर्ज आणि भावी पिढी

सैन्यावरचा खर्च करांतून भागवावा की कर्ज काढून, हा वाद वरकरणी जमाखर्चाचा दिसत असला, तरी ज्यांचा अद्याप जन्मही झालेला नाही त्यांच्या डोक्यावर कर्ज ठेवण्याचा अधिकार आजच्या पिढीला कोठून मिळतो, हा नीतिशास्त्राचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. जर्मनीच्या राज्यघटनेत 2009 साली समाविष्ट झालेल्या कर्जमर्यादेने या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले. केंद्र सरकारची संरचनात्मक तूट, म्हणजे तेजी-मंदीचा परिणाम वगळल्यावर उरणारी तूट, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.35 टक्क्यांहून अधिक असू नये, असे तिने ठरवले. रशियाने 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर सैन्यासाठी 100 अब्ज युरोंचा कर्जाधारित निधी या मर्यादेबाहेर उभारण्यात आला. पुढे युक्रेनच्या मदतीसाठी मर्यादा स्थगित करण्यास अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांनी नकार दिला, तेव्हा चान्सेलर ओलाफ शोल्ट्झ यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांना पदावरून दूर केले आणि सत्ताधारी आघाडी फुटली.

या वादात इमॅन्युएल कांट याच्या 1795 सालच्या शाश्वत शांतीविषयक निबंधाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रस्ते, नव्या वसाहती, दुष्काळासाठी धान्याची कोठारे यांकरिता राज्याने कर्ज काढण्यास त्याची हरकत नव्हती. परराज्यांशी चालणाऱ्या संघर्षासाठी मात्र त्याने कर्ज निषिद्ध मानले, कारण सहज मिळणारा पैसा सत्ताधाऱ्यांना युद्ध सोपे करून देतो आणि राज्याचे दिवाळे निघाले की निरपराध शेजारीही त्यात भरडले जातात. हा युक्तिवाद आक्रमकाला जितका लागू पडतो, तितका आक्रमणाच्या छायेत जगणाऱ्याला पडत नाही. वैदिक परंपरेतील पितृऋणाची कल्पना येथे अधिक उजेड पाडते: पूर्वजांचे देणे पूर्वजांना परत करता येत नाही, ते पुढच्या पिढीचे संगोपन करूनच फिटते, आणि त्या संगोपनात जसा कर्जमुक्त खजिना येतो, तसा सुरक्षित देशही येतो.

तेव्हा कर्ज काढणे हा स्वतःच दोष नव्हे; जे फेडणार आहेत त्यांच्या वाट्याला त्यातून काय येते, हे पाहिले पाहिजे. दीर्घकाळ टिकणारी हवाई संरक्षणयंत्रणा उद्याच्या नागरिकालाही उपयोगी पडते, म्हणून तिच्या किमतीचा काही भार त्याने उचलणे न्याय्य ठरते. सैनिकांचे चालू वेतन मात्र आजच्या संरक्षणाचे मोल असल्याने ते आजच्याच करदात्याने दिले पाहिजे, मग ती करवाढ कितीही अप्रिय असो. जर्मनीत मार्च 2025 मध्ये झालेल्या घटनादुरुस्तीने हा भेद केला नाही. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1 टक्क्यावरील सर्व संरक्षणखर्च तिने कर्जमर्यादेतून वगळला, आणि पायाभूत सुविधांच्या 500 अब्ज युरोंच्या निधीला 12 वर्षांची मुदत घालून देताना या सवलतीला मात्र कोणतीही मुदत ठेवली नाही. रस्ते आणि पूल यांना जी शिस्त आवश्यक वाटली, ती शस्त्रखरेदीला अनावश्यक का वाटावी, याचे समाधानकारक उत्तर देण्याची जबाबदारी दुरुस्तीच्या समर्थकांवर आहे.