मालक बोलतोय!

परवा आमच्या सौ.ने शेजारणीला सांगितलं, "हे एका कॉम्प्युटर कंपनीचे मालक आहेत." शेजारीण हसली नाही. ती बिचारी नवीनच राहायला आलीय. पण गॅलरीत बनियनवर उभं राहून दात घासणारा तो मालक मात्र तेवढ्यात आत पळाला.

वास्तविक सौ. खोटं बोलली नव्हती. माझ्याकडे त्या कंपनीचे ४० शेअर आहेत, आणि शेअरहोल्डर म्हणजे कंपनीचा मालक, हे मी बी. कॉम.च्या पेपरात दहा मार्कांसाठी लिहिलेलं आहे. सहा मिळाले होते. उरलेले चार का कापले, ते आता कळतंय.

कंपनीचे एकंदर शेअर १० कोटी. म्हणजे माझी मालकी २५ लाखांत एक भाग. बँकेच्या नोकरीत एक खोड लागते, हिशेब तडीला नेल्याशिवाय झोप येत नाही. कंपनीची हिंजवडीतली इमारत अडीच लाख चौरस फुटांची. त्यातली माझ्या वाट्याला साधारण १४ चौरस इंच जागा येते. पोस्टकार्डापेक्षा लहान! मालकानं तिथं उभं राहायचं म्हटलं, तर एका पायाच्या चवड्यावर राहावं लागेल.

आणि तेवढंही कायद्याला मंजूर नाही. मुंबईच्या बच्चा गुझदार या बाईंचा खटला कॉमर्सच्या पोरांना शिकवतात. बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या कंपनीचं ६० टक्के उत्पन्न शेतीचं म्हणून त्यावर प्राप्तिकर नाही. मग माझा डिव्हिडंडही ६० टक्के शेतीचाच, असं बाईंचं म्हणणं. मला ते कॉलेजात अगदी पटलं होतं. पण १९५४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, बाई, शेअर तुमचा, मळा कंपनीचा. जाहीर होईल त्या नफ्यात तुमचा वाटा, मालमत्तेत नाही. थोडक्यात, चहा प्यावा, मळ्याला आपला म्हणू नये.

मग या मालकाचं स्वतःचं असं असतं काय? माझ्या मते एकच गोष्ट, प्रश्न. आणि प्रश्न माझ्याकडे होता.

झालं असं की, कंपनीचा वार्षिक अहवाल मी शेवटच्या पानापर्यंत वाचला. पहिल्या पन्नास पानांत कंपनी जगाला 'सोल्यूशन्स' पुरवते असं होतं. जगाचा प्रॉब्लेम काय, ते कुठंच नव्हतं. मागच्या बारीक अक्षरांत मात्र एक गंमत सापडली. विक्री वाढली होती १० टक्क्यांनी आणि गिऱ्हाइकांकडून येणं बाकी झालं होतं दुप्पट. आता आमच्या वाण्याला जरी विचारलंत, तरी तो सांगेल की, माल थोडा जास्त गेला आणि उधारी दुप्पट झाली, तर एक तर गिऱ्हाईक बुडवं आहे, नाही तर माल गेलेलाच नाही.

आमच्या शाखेत या कंपनीचे तीन मालक. मी, २५ शेअरवाले कॅशियर आणि १० शेअरवाला शिपाई. डब्याच्या वेळी आमची सर्वसाधारण सभा भरते. कॅशियर म्हणाले, "सत्यम विसरलात?" कसं विसरणार? ७ जानेवारी २००९ ला त्या कंपनीच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की, वहीत दाखवलेल्या रोख आणि बँक शिल्लकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आम्हा बँकवाल्यांना त्याची जास्तच लाज वाटते. सहा रुपयांचा फरक निघाला तर आम्ही रात्री आठपर्यंत बसतो हो!

तेव्हा प्रश्न विचारायचं ठरलं. अहवालात गुंतवणूकदारांसाठी खास फोन नंबर होता. तो लावला. एका गोड आवाजानं आमचा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे ते सांगितलं आणि सतार लावून दिली. पाच दिवस रोज सतार ऐकली. शिपायाला ती आवडली, त्यानं स्वतःच्या मोबाइलवरूनही लावली. ईमेल केला, तर अर्ध्या मिनिटात उत्तर! आम्ही तिघं टेबलाभोवती जमलो. त्यात लिहिलं होतं की, या ईमेलला उत्तर देऊ नये. मग स्पीड पोस्टानं पत्र धाडलं. ते पोचल्याचा निरोप पोस्टानं दिला. आमच्या आठवड्याभराच्या पत्रव्यवहारात माणसासारखं वागलं ते पोस्टखातं.

हे दुखणं जुनं आहे म्हणा. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि १६२२ मध्ये तिचे भागधारक चिडून पत्रकं काढू लागले. हिशेबाच्या वह्या कुत्र्यांनी खाव्यात म्हणून त्यांना डुकराची चरबी चोपडली आहे, अशी त्यांची तक्रार होती. आता वह्याच नाहीत, म्हणून कुत्र्यांचं तेवढं काम गेलं.

फिलिप फिशर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९५८ साली एक पुस्तक लिहिलं. कंपनीची खरी माहिती हवी, तर तिच्या गिऱ्हाइकांशी, पुरवठादारांशी, प्रतिस्पर्ध्यांशी बोला, असा त्यातला सल्ला. या पद्धतीला त्यानं दिलेलं नाव मूळचं जहाजावरच्या पाण्याच्या पिंपाचं. खलाशी पाणी प्यायला तिथं जमत आणि गप्पा हाणत. म्हणजे आपला चाळीतला सार्वजनिक नळ! हे शास्त्र आमच्या आईला पुस्तकाशिवाय येत होतं.

कॅशियर आणि मी दुसऱ्या शनिवारी हिंजवडीला गेलो. कंपनी बंद. शनिवारी आपल्यासारखे इतर लोकही सुट्टी घेतात, हे ध्यानातच आलं नव्हतं. मग पुढच्या बुधवारी दोघांनी 'घरगुती अडचण' लिहून रजा टाकली. गेटवर वॉचमन म्हणाला, "कुणाला भेटायचंय?" कॅशियर छाती काढून म्हणाले, "आम्ही मालक आहोत." वॉचमननं आमच्या चपलांकडे पाहिलं आणि रस्त्यापलीकडची चहाची टपरी दाखवली.

आणि मंडळी, जे अहवालाच्या दोनशे पानांत नव्हतं, ते त्या टपरीवर होतं. धंदा कसा काय, असं विचारल्यावर चहावाला म्हणाला, "या महिन्यात नऊ पोरांनी उधारी चुकती केली, साहेब." मी म्हटलं, "मग बरंच झालं की!" तो म्हणाला, "बरं कसलं? नोकरी सोडतानाच चुकती करतात."

एवढ्यात गळ्यात कार्डाची पट्टी घातलेला एक तरुण चहाला आला. आम्ही त्याला घेरलं. त्यानं पहिल्यांदा गळ्यातलं कार्ड खिशात घातलं, मग म्हणाला, "सॉरी काका, आम्हाला बोलायची परवानगी नाही." अर्धा चहा टाकून तो गेला. कॅशियर संतापले. "मालकाशी बोलत नाही म्हणजे काय?"

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो. समजा, तो बोलला असता. कंपनीचं काही खरं नाही, असं कानात सांगितलं असता. मी काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी सव्वानऊला ४० शेअर विकले असते. ते घेतले असते कुणी? नांदेडच्या किंवा नगरच्या एखाद्या माझ्यासारख्याच कारकुनानं, ज्याच्या कानात कुणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे त्या पोराचं न बोलणं हे त्या अनोळखी माणसाचं रक्षण होतं. सेबीचे २०१५ चे नियम तेच सांगतात, आतली बातमी एकट्याला द्यायची नाही. चहावाल्याचं वेगळं. त्याची उधारीची वही कुणालाही ऐकायला मोकळी आहे, बसचं तिकीट काढायची तयारी हवी.

पण मी फोनवर जे विचारलं, ते आतलं नव्हतंच! अहवालात छापलेल्या आकड्याचा अर्थ विचारला होता. तिथली सतार कुणाचं रक्षण करत होती? तेव्हा गप्प बसणंही दोन प्रकारचं असतं. एक, सांगितलं तर दुसऱ्याचं नुकसान होईल म्हणून. दुसरं, समोरच्याचं ४० शेअरांपलीकडे वजन नाही म्हणून. पहिल्याला सचोटी म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणावं, याच्यासाठी सभ्य शब्द शोधत मी घरी पोचलो.

तो मला दुसऱ्या दिवशी काउंटरवर सापडला. एक आजी पासबुक घेऊन आल्या. "माझ्या खात्यातले ११७ रुपये कुठं गेले, बाळ?" रांग दारापर्यंत होती. मी मान वर न करता म्हटलं, "सिस्टीमनं कापलेत, आजी."

"सिस्टीम कुठं बसते? मी तिलाच जाऊन विचारते."

मागे कुणीतरी हसलं. मला मात्र एकदम सतार ऐकू आली. आमची बँक १९६९ साली सरकारनं घेतली, म्हणजे ती जनतेची झाली. त्या हिशेबानं आजीही मालकच. पोस्टकार्डाहून लहान तुकड्याच्या, पण मालक. आणि त्यांना सिस्टीमकडे पाठवणारा तो गोड आवाज कोण?

मी खातं उघडलं. मोबाइलवर येणाऱ्या निरोपांचे पैसे आणि कार्डाची वर्षाची फी. दोन्हींची बेरीज करून दाखवली. चार मिनिटं लागली. पैसे परत मिळणार नव्हते, तसंही सांगितलं. आजी म्हणाल्या, "एवढंच होय? मग कापा की! मी आपलं विचारलं."

त्यांना ११७ रुपये नको होते. उत्तर हवं होतं. मलाही कंपनीकडून तेवढंच हवं आहे.

शेअर मी अजून विकलेले नाहीत. नांदेडचा तो कारकून डोळ्यांपुढं येतो, शिवाय भावही पडलाय. दोन्हींतलं खरं कारण कुठलं, ते सौ.ला ठाऊक आहे. वार्षिक सभेत बोलायला नाव नोंदवलंय. सभा हल्ली घरबसल्या पडद्यावर असते. वक्ता क्रमांक ३१, वेळ दोन मिनिटं. येणं बाकी दुप्पट का, एवढं विचारायला पुरे.

तोवर इथं शाखेतला फोन वाजतोय. एरवी आम्ही तो आपोआप थांबायची वाट बघतो. आज उचलतो. कुणी सांगावं, पलीकडे एखादा मालक असायचा.