शंकासमाधान : आवडतं पुस्तक हाच माझा धर्म?

शंका : मी बोरिवलीत राहतो, बँकेत नोकरी करतो. पूजाअर्चेत माझं मन कधी रमलं नाही. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ मात्र शाळेपासून सोबत आहे. रोज सकाळी लोकल पकडण्याआधी त्यातली एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण, वाचतो आणि तसं वागायचा प्रयत्न करतो. माझ्यापुरता हाच धर्म, असं मी ठरवलं आहे. आई म्हणते, गोष्टीच्या पुस्तकाचा कधी धर्म होतो का? माझं चुकतं आहे का?

समाधान : चुकत नाही. ग्रंथाच्या आधाराने जगण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. तुमच्या जवळच, गोरेगावात, १९४३ साली नानासाहेब धर्माधिकारी यांनी दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. त्या एका ग्रंथाच्या श्रवणातून कितीतरी संसार सावरले. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं, आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.

पण या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट आहे, ती तुमच्याकडे अजून नाही. तिथे माणूस एकटा वाचत नाही. शेजारी बसून ऐकणारे असतात, चुकलं तर सांगणारे असतात. आपण एकटे वाचतो तेव्हा मनाला गोड वाटणारी पानं पुन्हा पुन्हा उघडतो आणि बोचणारी सोडून देतो. मग पुस्तक आपल्याला घडवत नाही, आपण आहोत तसेच बरे आहोत एवढंच सांगत राहतं. म्हणून माझी विनंती आहे की, जी ‘रात्र’ तुम्ही टाळता ती आधी वाचा.

मी एक सुचवतो. डोक्यावरून खाली पडलेली मोळी उचलता न येणारी ती म्हातारी दलित बाई आठवा. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता आई श्यामला तिच्या मदतीला पाठवते. आपले डोळे तिथे पाणावतात. पण घरी येऊन आंघोळ करीन असं लोकांना सांग, हेही तीच आई सांगते. हे वाक्य आपण भरभर वाचून पुढे जातो. हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि १९३५ मध्ये छापून आलं. त्यानंतर गुरुजी त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी गावोगाव फिरून लोकांची मनं वळवली आणि मे १९४७ मध्ये उपोषण केलं. आईने मोळी उचलायला शिकवलं होतं, मुलाने देवळाचं दार उघडायला लावलं. ज्याने पुस्तक लिहिलं तोच त्याच्या पुढे चालत गेला. तुमचा धर्म या पुस्तकावर उभा राहायचा असेल तर तुम्हालाही तेच करावं लागेल. सोसायटीत कचरा उचलायला येणाऱ्या बाईंसाठी वेगळा पेला ठेवला जातो का, भाडेकरूची जात विचारली जाते का, हे बघा. तिथे तुम्ही बोललात तर सकाळचं वाचन सार्थकी लागलं.

आणि आईशी वाद घालू नका. संध्याकाळी ती दिवा लावते तेव्हा तिच्याजवळ उभे राहा, जमलं तर एक प्रकरण तिला मोठ्याने वाचून दाखवा. सोबत वाचणारं पहिलं माणूस घरातच मिळेल.

शंका : आमच्या मुलुंडच्या घरात प्रत्येकाचा ग्रंथ वेगळा. सासरे गुरुचरित्राचा सप्ताह करतात, यजमान दासबोधाच्या बैठकीला जातात. आता मुलगी डॉ. आंबेडकरांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचून हाच माझा मार्ग म्हणते. घर फुटेल अशी भीती वाटते.

समाधान : ताई, तुमच्यासारख्या घराचा विचार महात्मा फुल्यांनी फार आधी करून ठेवला आहे. १८८८ साली त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे : बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही, सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहायचं.

मुलीने पुस्तक वाचून, विचार करून वाट धरली आहे. ते पुस्तक तुम्हीही वाचायला मागा. पुढे तिने आजोबांच्या सप्ताहाची टिंगल केली तर तिला जरूर थांबवा, आणि आजोबांनी तिच्या बुद्धवंदनेला नाक मुरडलं तर त्यांनाही.

शंका : मी कुठलाच प्रस्थापित धर्म मानत नाही. सरकारी अर्जात धर्माच्या रकान्यात काय लिहू? (अंधेरी)

समाधान : कुठलाही धर्म मानत नाही असं लिहिता येतं. धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला आहे. वारसाहक्काचे कायदे मात्र अशा नोंदीने आपोआप बदलत नाहीत, त्यासाठी वकिलाला विचारा. संविधानाच्या २५व्या कलमात धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्याआधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य नोंदवलेलं आहे.