गुहेतून परत

माघ पौर्णिमेला गोंड बांधव हजारोंनी सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे जातात. आपल्या लाखनीकडूनही लोक ती गुहा पाहायला जातात. आत शिरलो की बाहेरचा गलका थांबतो.

एलिया संदेष्टा होरेबच्या गुहेत शिरला तो थकून, जीव वाचवण्यासाठी. आपण एकटेच उरलो, असे त्याला वाटले. वारा, भूकंप, अग्नी यांत परमेश्वर नव्हता. तो मंद वाणीत भेटला. त्याने एलियाला गुहेत ठेवले नाही, आल्या वाटेने परत पाठवले. विश्वासू असे ७,००० जण अजून होते!

आपणही येथे थोडेच आहोत. म्हणून या आठवड्यात मिस्सेला न येणाऱ्या एका कुटुंबाच्या दारी जाऊ या. तेही स्वतःला एकटे समजत असतील.