प्रसूतिवेदना आणि उत्पत्तीचे वचन

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या म्हणजे वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "सोस बाई, आम्हीही सोसले." त्यात माया असते. परंतु उत्पत्ति 3:16 पुढे करून, वेदना कमी करणे म्हणजे देवाच्या शब्दात ढवळाढवळ, असे कोणी म्हणू लागले तर ते आम्हांस पटत नाही.

वाद जुना आहे. 1847 साली एडिंबरोचे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणींना क्लोरोफॉर्म दिला, तेव्हा काहींनी याच वचनावरून आक्षेप घेतले. सिम्प्सन श्रद्धावान गृहस्थ. त्यांनी त्याच वर्षी उत्तर छापले: मूळ इब्री शब्दाचा अर्थ श्रम असाही होतो, शिवाय पुढेच भूमीला काटेकुसळे येतील असे आहे, म्हणून शेतकऱ्याने ती उपटू नयेत काय? 1853 साली व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. (पुरुषाने दात काढताना भूल घेतली तर कोणी वचन काढीत नाही, हेही जाता जाता सांगावेसे वाटते.)

आम्हां सिकंदराबादकरांना शेजारचीच एक गोष्ट ठाऊक असावी. निजामाच्या आश्रयाने डॉ. एडवर्ड लॉरी यांनी 1888 व 1889 साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशने भरविली. निष्कर्ष असा की, रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला थेट भय नाही. श्वासाची सूचना मोलाची होती. हृदयाविषयीचा भरवसा मात्र 1911 साली लेव्ही यांच्या प्रयोगांनी खोटा ठरविला. वेदना हरणे योग्य असले तरी त्याची किंमत लपवू नये.

आजच्या एपिड्यूरलचेही तसेच. कण्यालगतच्या बारीक नळीतून औषध देतात. कळांवर याहून गुणकारी उपाय नाही. त्याने सिझेरियन वाढते हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. मात्र रक्तदाब उतरू शकतो, कधी ताप येतो, जोर करण्याचा काळ लांबतो. आणि पहिल्या खेपेस तो मुळातच लांब असतो. पेथिडिनच्या सुईने गुंगी येते, आणि प्रसूतीच्या अगदी जवळ दिली तर बाळाचा श्वास मंदावू शकतो. विश्वासाचे माणूस उशाशी असणे, कंबर चोळणे, फिरणे यांनीही पुष्कळींना आधार मिळतो.

निवड त्या मुलीची आहे. सुई नको म्हणणारीला वेडी ठरवू नये, मागणारीला भित्री म्हणू नये. रात्री भूलतज्ज्ञ असतो की नाही, हे घरच्यांनी इस्पितळात आधीच विचारावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी 16वे वचन शिकविताना 17 ते 19 ही वचने त्याच दिवशी घ्यावीत. वर्गात उद्याच्या आया बसलेल्या असतात, आणि त्यांचे भाऊही.