तहात काय लिहिलं होतं?

युद्धात जिंकायचं आणि तहात हरायचं, हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की तह म्हटला की कुणीतरी आपल्याला गंडवलं, असंच आधी मनात येतं. तलवारीला पोवाडे मिळतात. कलमं घासूनपुसून लिहिणाऱ्या वकिलाचं नाव कुणाला आठवत नाही. ही समजूत तपासायची तर पैठणला यावं. गोदावरीच्या पलीकडच्या काठाला मुंगी आहे. जिल्हे दोन, तरी नावं जोडीनंच घेतली जातात : मुंगी-पैठण. याच टापूत मराठे आणि निजाम बारा वर्षांत दोनदा तहाला बसले.

पहिला तह मुंगी-शेवगावचा, ६ मार्च १७२८ चा. भांडण वरकरणी पैशाचं. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क शाहू महाराजांना १७१९ मध्ये दिल्लीच्या सनदांनी मिळाला होता. निजाम-उल-मुल्कानं तो थेट नाकारला नाही. त्यानं वेगळीच मेख मारली. खरे छत्रपती शाहू की कोल्हापूरचे संभाजी? आधी ते ठरू द्या, मग पैसे, आणि निवाडा करायला मी आहेच! ज्याच्या तिजोरीतून पैसे जायचे, तोच लवाद. मग संभाजीराजांना हाताशी धरून तो पुण्यावर चालून आला.

बाजीराव पुणं वाचवायला धावला नाही. त्यानं खानदेश, गुजरात असा घोडा फिरवला आणि निजामाला मागे यायला भाग पाडलं. वेग गाठण्यासाठी निजामानं जड तोफा मागे टाकल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस, आजच्या वैजापूर तालुक्यात पालखेडला, त्याची फौज कोंडली गेली. रसद तुटली आणि पाणीही. त्या मुलखात उन्हं तापू लागल्यावर पाण्यावाचून हजारो जनावरं आणि माणसं म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

‘तेव्हाच निजाम कायमचा का नाही बुडवला?’ यावर इतिहासप्रेमी आजही हमरीतुमरीवर येतात. मला त्याहून कलमं महत्त्वाची वाटतात. निजामानं शाहूंनाच छत्रपती मानलं, चौथाई-सरदेशमुखी कबूल केली, थकबाकीही मान्य केली. एका ठिकाणी मात्र तो अडला : संभाजीराजांना बाजीरावाच्या हवाली करणार नाही, पन्हाळ्याला पोचतं करीन. मराठ्यांनी ते चालवून घेतलं. आश्रयाला आलेल्याला शत्रूच्या हाती दिल्याचा डाग निजामावर बसला नाही आणि मराठ्यांना हवं ते कागदावर आलं. हरलेल्याला मान खाली न घालता उठू देणं, हा औदार्याचा नाही, हिशोबाचा भाग असतो.

तह टिकला का? नाही म्हणणारे बरोबरच आहेत. १७३७ मध्ये भोपाळला पुन्हा गाठ पडली. १७४० मध्ये निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढाई झाली आणि २७ फेब्रुवारीला मुंगी-पैठणचा तह झाला. त्यात मिळालेल्या हंडिया-खरगोणच्या मुलखातच, रावेरखेडीला, दोन महिन्यांनी बाजीराव गेला. पण या पुढच्या लढाया कशावरून झाल्या, ते पाहा. माळव्यावरून, मुलखावरून. शाहू खरे की संभाजी, हा वाद त्यांत नव्हता. तो निजामानं सोडला आणि १७३१ मध्ये दोघा चुलतभावांनी वारणेच्या तहानं मिटवला. १७२८ च्या तहानं ज्याचं नाव घेतलं तो तंटा संपला. ज्याचं घेतलं नाही तो उरला.

याच पैठणला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीनं जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण सोबत होते. त्याच रात्री शास्त्रीजी गेले. सैन्यं ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायची होती, म्हणून जिंकलेली हाजीपीर खिंड सोडावी लागली आणि ‘तहात हरलो’ हे वाक्य पुन्हा निघालं. माझ्या मते खोट खिंडीत नव्हती. काश्मीरबद्दल त्या कागदावर एवढंच होतं की दोघांनी आपापली भूमिका मांडली. मूळ दुखण्याचं नाव घेऊन ते तसंच ठेवलं.

मध्यस्थ कोण, यावर आपण फार भांडतो. १० मे २०२५ ला भारत-पाकिस्तानमधला गोळीबार थांबला तेव्हाही अमेरिका म्हणाली आम्ही थांबवला. भारत म्हणाला दोन्ही सैन्यांचे अधिकारी थेट बोलले. निजामाच्या लवादीचा अनुभव असलेल्यांनी मध्यस्थाचा स्वार्थ तपासावाच. पण त्याहून आधी कलमं वाचावीत. ज्याच्यावरून माणसं मेली, त्याचा निकाल त्यांत आहे का? नसेल, तर तो तह नाही, मुदत आहे.

मुदतही फुकट नसते. ताश्कंदनंतर सहा वर्षांच्या आत पुन्हा युद्ध झालंच. तरी शास्त्रीजींनी पाया घातलेलं धरण बांधून झालं आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. पालखेडला ज्या पाण्यावाचून एक फौज तहाला आली, ते आज याच धरणाच्या जलाशयातून, नाथसागरातून, मराठवाड्याच्या शेतांत जातं.